रस्त्यावर राहणाऱ्या काकांना अ‍ॅडमिट करायचंय, "नातेवाईक" म्हणून मी सही केली तर काही लफडं होतं का?

झेरॉक्सवाला_दादर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण वाचा प्लीज, माझ्या ओळखीत कोणी डॉक्टर नाहीये.

दादरला माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. रात्री शटरसमोर एक काका झोपतात, साठीच्या पुढचे असतील. मूळचे साताऱ्याकडचे. लग्नाच्या हॉलवर वाढपी म्हणून कामं करायचे आणि हॉलवरच झोपायचे, लॉकडाऊनमध्ये हॉल बंद पडले तेव्हापासून बाहेरच आहेत. दारू नाही, तंबाखू आहे. सकाळी शटरसमोरचं स्वतःच झाडून घेतात, मी चहा देतो, एवढंच आमचं नातं.

तर यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता तो त्यांनी तारेने बांधला, ती तार घासून घासून पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि यांना पत्ताच नाही, कारण शुगरमुळे पाय बधिर (हे मला नंतर कळलं). वरून पाऊस लागू नये म्हणून दुधाची रिकामी पिशवी बांधून ठेवलेली. वास यायला लागला तेव्हा मी पिशवी सोडायला लावली. आत अळ्या होत्या राव. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

टॅक्सीवाला घेईना, शेवटी हातगाडीवरून नेलं एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). गेटवर वॉचमन म्हणे इकडून नाही तिकडून, तिकडे गेलो तर म्हणे इकडून. आत गेल्यावर मात्र एका पोरगेल्या डॉक्टरने नीट बघितलं, शुगरच्या मशीनवर आकडाच येईना, नुसतं "हाय" आलं. मग म्हणाले अ‍ॅडमिट करायला लागेल, नातेवाईक कोण? मी म्हटलं कोणी नाही. "मग तुम्ही कोण?" आता काय सांगू? फॉर्मवर "रुग्णाशी नाते" असा रकाना, खाली सही. मागून कोणीतरी सिस्टर ओरडली की आधार कार्ड असल्याशिवाय वरचा वॉर्ड घेत नाही, नंतर सोडून पळतात हे लोक. मी गांगरलो, काका म्हणाले राहू दे रे पोरा, चल. शेवटी ड्रेसिंग, गोळ्या आणि चिठ्ठी घेऊन बाहेर. चिठ्ठीवर काय लिहिलंय बघा: रोज ड्रेसिंग, पाय कोरडा ठेवणे, पाय उंच ठेवून झोपणे, डायबेटिक डाएट. फुटपाथवर. जुलैमध्ये.

माझे प्रश्न साधे आहेत. सही केली तर उद्या बिल, पोलीस, काही बरंवाईट झालं तर बॉडी, हे सगळं माझ्या गळ्यात पडतं का? आधार नसेल तर अ‍ॅडमिट करतच नाहीत का? आणि समजा केलं, तर बरं झाल्यावर परत शटरसमोरच ना? घरी आई म्हणते तू कशाला पडतोस यात.

रात्रपाळी

सर्जरीला रेसिडेंट डॉक्टर आहे, तुमच्या शहरातच, तुम्ही गेलात तिथे नाही (बहुतेक 😅).

आधी मुद्द्याचं. काका शुद्धीवर आहेत, बोलतायत, कळतंय त्यांना. मग संमती त्यांची स्वतःची. त्यांची सही किंवा अंगठा चालतो, अ‍ॅडमिशनला पण आणि ऑपरेशनला पण. नातेवाईकाची सही ही आमच्याकडची सवय आहे, नंतर कोणी येऊन भांडू नये म्हणून. तुम्ही त्या रकान्यात सरळ "ओळखीचे" किंवा "आणणारा" लिहा आणि तशीच सही करा. "मुलगा" "पुतण्या" असलं काही लिहू नका, सोपं पडेल म्हणून कोणी सांगितलं तरी. बेशुद्ध पेशंट असेल, सोबत कोणी नसेल, तर आम्ही "अनोळखी" म्हणून घेतो, पोलीस चौकीत कळवतो, आणि जीव वाचवायचा असेल तर दोन डॉक्टर सह्या करून ऑपरेशन करतात. रोज रात्री होतं हे. आधारचं तर विसराच, कॅज्युअल्टीत (इमर्जन्सी विभागात) आधार नाही म्हणून परत पाठवता येत नाही कोणाला.

आता दुसरी बाजू पण ऐका, कारण सगळे आम्हालाच शिव्या घालतात. बेवारस पेशंट वॉर्डात आला की त्याचं सगळं म्हणजे सगळं स्टाफवर येतं. आपल्या सरकारी हॉस्पिटलांचा कारभार नातेवाईकांच्या जिवावर चालतो हो. रक्ताचा नमुना लॅबला कोण नेतं? नातेवाईक. स्ट्रेचर कोण ढकलतं, बाहेरून इंजेक्शन कोण आणतं, पॉट कोण देतं, भरवतं कोण? सगळीकडे तेच. मामा (म्हणजे वॉर्डबॉय) एक आणि पेशंट साठ, त्यातले पंधरा जमिनीवर गाद्या टाकून. ज्याच्या उशाशी कोणी नाही त्याचा एक्सरे संध्याकाळपर्यंत राहतो, हे मी रोज बघतो. कोणी मुद्दाम करत नाही पण ओरडायला माणूस नसला की तो मागेच पडतो.

अळ्यांचं म्हणाल तर घाबरू नका, आम्ही टर्पेंटाइन टाकतो, त्या वर येतात, चिमट्याने काढतो, एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत. खरी भीती शुगरची आणि हाडापर्यंत इन्फेक्शन गेलं असेल त्याची. अंगठा काळा पडलाय का? ताप आहे का? असेल तर हे वाचत बसू नका, आजच न्या.

आणि एक, रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला इन्सुलिन लिहून देताना माझा हात थांबतो. ठेवणार कुठे? आणि त्याहून वाईट म्हणजे इन्सुलिन घेतलं आणि त्या दिवशी जेवण मिळालंच नाही तर? शुगर ढपकन खाली येऊन माणूस पहाटे फुटपाथवर बेशुद्ध, आणि येणारे-जाणारे म्हणणार बेवडा पडलाय. म्हणून बरेच जण नुसत्या गोळ्या देऊन पाठवतात, त्याने शुगर धड येत नाही, जखम भरत नाही, आणि दोन महिन्यांनी तोच पेशंट गुडघ्याखाली पाय कापायला येतो. हे चक्र डोळ्यांनी बघितलंय.

कुलकर्ण्यांचा_बंड्या

भावना समजू शकतो पण प्रॅक्टिकल बोलायचं तर चेंबूरला सरकारचं भिक्षेकरी गृह आहे ना, तिथे का नाही नेत? जेवण, राहणं, डॉक्टर सगळं फुकट. आपण टॅक्स भरतो कशासाठी. एकाला दुकानासमोर चहा पाजला की उद्या चार येतात, अनुभव आहे.

मंजिरी_शिरोडकर

बंड्या, भिक्षेकरी गृह म्हणजे धर्मशाळा नव्हे रे बाबा. तिथे "नेऊन सोडत" नाहीत. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली पोलीस पकडतात, कोर्टासमोर उभं करतात आणि मग डांबतात. दिल्लीपुरती त्यातली बरीचशी कलमं तिथल्या हायकोर्टाने २०१८ मध्ये रद्द केली, आपल्याकडे कायदा अजून आहे. आणि हे काका भीक कुठे मागतायत? वाढपी आहेत, झाडून घेतात. बेघर आणि भिकारी एकच धरायचं ही आपल्याकडची जुनी खोड.

झेरॉक्सवाले दादा, मी समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी करून रिटायर झाले. प्रत्येक मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलात आमची एक खोली असते, बहुतेक वेळा जिन्याखाली किंवा पॅसेजच्या टोकाला, पाटी धड दिसत नाही. तुम्ही रात्री गेला असाल, तेव्हा ती बंद असते. सकाळी ओपीडीच्या वेळेत जा आणि कॅज्युअल्टीच्या आधी "एमएसडब्ल्यू कुठे बसतात" विचारा (म्हणजे आम्ही समाजसेवावाले). काय सांगायचं ते नीट सांगते: पेशंट बेघर आहे, नातेवाईक नाहीत, कागद नाहीत, मी शेजारचा दुकानदार. बास. त्या केसपेपरवर शेरा मारतात, मग चार्जेस माफ होतात, बाहेरून आणायच्या औषधांसाठी पुअर बॉक्स फंडातून (गरीब पेशंटसाठीचा हॉस्पिटलचा निधी) किंवा एखाद्या ट्रस्टकडून बघतात. राज्याच्या आरोग्य खात्याच्या हॉस्पिटलांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफतच आहे, पण पालिकेची आणि मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

पोलिसांचं घाबरू नका. चपलेने झालेली जखम आहे, ती पोलीस केस नाही. रस्त्यावरच्या अपघातातल्या माणसाला आणलं असतंत तरी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. बिलाचं म्हणाल तर सरकारी ठिकाणी बेघराचं बिल आणणाऱ्याच्या बोकांडी बसलेलं मी माझ्या नोकरीत बघितलं नाही.

खासगी हवं असेल तर धर्मादाय हॉस्पिटलं. हायकोर्टाने २००६ मध्ये योजना लावून दिली आहे, १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. कागदावर तिथेही रेशनकार्ड नाहीतर तहसीलदाराचा दाखला मागतात, जो बेघराकडे नसतोच, आणि रिसेप्शनवरची मुलगी "निर्धनच्या खाटा फुल्ल आहेत" हे इतक्या गोड आवाजात सांगते की आपण आभार मानून बाहेर येतो. पण जीवघेणी इमर्जन्सी असेल तर आधी दाखल करून घेणं आणि स्थिर करणं त्यांना बंधनकारक आहे, कागद नंतर.

डिस्चार्जचा तुमचा प्रश्न सगळ्यात खरा आहे आणि त्यालाच उत्तर तोकडं आहे. पालिकेचे बेघर निवारे आहेत. सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की लाखभर लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा असा निवारा हवा. मुंबईत किती हवेत त्याचा हिशेब तुम्हीच करा आणि किती दिसतात ते बघा. जे आहेत ते बऱ्याचदा आजारी माणूस घेत नाहीत, "चालताफिरता असेल तर आणा" म्हणतात. हॉस्पिटल म्हणतं बरा झाला, न्या. निवारा म्हणतो अजून आजारी आहे, नको. ह्या दोघांच्या मधले जे महिना-दीड महिना असतात ना, त्यातच माणसं जातात. दिल्लीत यमुनेकाठी गीता घाटला आजारी बेघर पुरुषांसाठी बरे होईपर्यंत राहण्याचा निवारा केला होता, टीबीच्या औषधांसकट. तसलं काही इथे पालिकेच्या प्रत्येक वॉर्डात हवं असं मी नोकरीत असताना मीटिंगांमध्ये बोलून थकले.

लातूरकर_परळ

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

वडिलांच्या कॅन्सरच्या ट्रीटमेंटला आम्ही परळला आलो होतो तेव्हा धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत आम्ही पण फुटपाथवरच होतो. गावाकडे आपलं घर आहे, चार एकर आहे, पण मुंबईत आम्ही बेघरच की. मोठ्या हॉस्पिटलांच्या बाहेर प्लास्टिकचा कागद बांधून राहिलेली माणसं तुम्ही बघता ना, त्यातली अर्धी अशीच, कोणी बिहारचं कोणी जळगावचं. पुढं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, तिथं जेवण पण मिळायचं, त्या माणसाने त्या काळी पेशंटच्या नातेवाईकांचा विचार केला म्हणून आमच्यासारखे तरले.

सांगायचं हे होतं की फुटपाथवर असताना आम्ही डॉक्टरला खोटं सांगायचो. राहता कुठं विचारलं की "पाहुण्याकडे". कारण एकदा खरं सांगितलं तर समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या मग केमो पुढे ढकलू, इन्फेक्शन होईल, आधी राहायची सोय करून या. त्यांचं बरोबर असेल पण आम्हाला वाटलं नंबर जातोय. बाबा केमो घेऊन आले की उलट्या, आणि संडासला सुलभमध्ये, रात्री ते बंद. म्हणून बाबा संध्याकाळनंतर पाणीच प्यायचे नाहीत. डॉक्टर सांगायचे भरपूर पाणी प्या नाहीतर किडनीवर येईल. आता कुठं सांगणार ह्यांना की पाणी मुद्दाम पीत नाहीत. त्यामुळं डॉक्टर लोकांना विनंती, पेशंट ऐकत नाही असं लिहायच्या आधी संडास कुठं आहे एवढं विचारा.

आणि झेरॉक्सवाले भाऊ, काका "राहू दे चल" का म्हणाले ते मी सांगतो. त्यांची बोचकी कुठं होती तेव्हा?

झेरॉक्सवाला_दादर

@लातूरकर_परळ बरोबर पकडलंत. एक बॅग आहे, चेन तुटलेली, सुतळीने बांधलेली, ती शटरजवळ ठेवून आम्ही गेलो होतो आणि ते सारखे विचारत होते किती वेळ लागेल. आत काय आहे ते मी कधी विचारलं नाही.

@रात्रपाळी अंगठा काळपट आहे, ताप काल रात्री होता. उद्या सकाळी पहिलं तेच करतो. बॅग दुकानात आत ठेवतो.

फुकट_सल्लागार

डॉक्टरसाहेबांनी स्टाफची बाजू मांडली छान, पण जुलै २०२४ मध्ये पुण्यात काय झालं ते पण सांगा ना. सरकारी हॉस्पिटलमधल्या बेवारस पेशंटला रात्री रिक्षात घालून बाहेर नेऊन टाकल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला, डॉक्टर निलंबित झाला. रिक्षावाला बनून गेलेल्या कार्यकर्त्यानेच पकडलं म्हणून कळलं, नाहीतर रजिस्टरला "पेशंट पळून गेला" एवढंच लागलं असतं.

रात्रपाळी

@फुकट_सल्लागार त्याचं समर्थन करणार नाही, कोणीच करू नये. पण "पळून गेला" हा शेरा बऱ्याचदा खरा पण असतो. ज्याला दारूची सवय आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरायला लागतो, भास होतात, सलाईन उपटतो, आणि त्याला वेड लागलं समजून खाटेला बांधतात. खरं तर ते दारू अचानक बंद झाल्याचं असतं, त्याला औषध आहे, वेळेत दिलं तर माणूस शांत होतो. कोणी दिलं नाही तर तो पहाटे सलाईनच्या सुईसकट निघून जातो. काकांना तंबाखू आहे म्हणालात, तीसुद्धा सिस्टरला सांगून ठेवा, तलफ आली म्हणून खाली उतरलेले परत वर येत नाहीत.

धुळ्याची_मिरची

थोडं अवांतर पण कामाचं. आमच्या बसस्टँडवर एक बाई होती, केसांच्या जटा, स्वतःशी बोलायची. सगळे म्हणायचे वेडी आहे, कोणी हात लावत नव्हतं. असं कोणी दिसलं तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ लक्षात ठेवा. पोलिसांनी अशा व्यक्तीला ताब्यात घेतलं की चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचंय, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांना शोधायचं काम पण पोलिसांचं. उपचार सरकारी ठिकाणी फुकट, पिवळं कार्ड असो नसो. आमच्या ठाण्यातल्या साहेबांना हे माहीतच नव्हतं, मी मोबाईलवर कलम १०० काढून दाखवलं तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवतात, २०१८ चं मॅगसेसे मिळालंय त्यांना. बायकांसाठी नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणेंचं माउली. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांबाहेर बसणाऱ्यांना जागेवर जाऊन तपासतात. पण संस्थांना फोन करायच्या आधी ११२ किंवा १०८, कारण संस्था पण आधी पोलिसांचं पत्र मागतात.

कुलकर्ण्यांचा_बंड्या

ठीक आहे, चेंबूरचं मला वाटलं तसं नाहीये, मान्य. पण हे सगळं एका दुकानदाराने करायचं हे काही पटत नाही. सिस्टीम कशाला आहे मग.

झेरॉक्सवाला_दादर

अपडेट. काका अ‍ॅडमिट आहेत. १०८ बोलावली, पंचवीस-तीस मिनिटांत आली, ड्रायव्हरने स्वतः उचलून घेतलं. समाजसेवावाल्या मॅडम खरंच जिन्याखाली सापडल्या. रकान्यात "ओळखीचे" लिहिलं, कोणी काही बोललं नाही. अंगठा काढावा लागणार आहे, पाय वाचेल म्हणतायत. संमतीवर काकांनीच सही केली, मोडीसारखी वळणदार, डॉक्टर पण बघत राहिले.

वॉर्डात मी दिवसभर थांबू शकत नाही, दुकान आहे. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची बायको त्यांचं ताट आणून देते, मी तिच्या पोराच्या पुस्तकांचे झेरॉक्स फुकट काढून देतो असं ठरलंय. मंजिरीताई, आता डिस्चार्जचं सांगा. अंगठा काढल्यावर लगेच बाहेर काढतील का? आणि आधारचं काय, काकांचं होतं म्हणे, हरवलं.

मंजिरी_शिरोडकर

छान केलंत दादा. आता घाई करायची ती डिस्चार्जच्या आधी, नंतर नाही. त्याच मॅडमना आजच सांगा की पेशंटला जायला जागा नाही, तसं केसपेपरवर लिहून घ्या, आणि निवाऱ्यासाठी पत्र मागा. पत्रात "स्वतः चालू शकतो, जखमेला ड्रेसिंगची गरज आहे" असं स्पष्ट हवं, मोघम असलं की निवारावाले परत पाठवतात. ड्रेसिंग त्या निवाऱ्याजवळच्या पालिकेच्या दवाखान्यात होऊ शकतं, दवाखान्याचं नाव पत्रातच घालायला सांगा. वॉकर किंवा पुढच्या बाजूला मऊ असलेली चप्पल ट्रस्टकडून मिळते, मागितली तरच मिळते.

आधार एकदा काढलेलं असेल तर नवीन काढू नका, रिजेक्ट होईल. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन जुना नंबर शोधून देतात. वाढप्यांचे ठसे गरम भांड्यांनी घासून गेलेले असतात, नाही लागले तर डोळ्यांचं स्कॅन करा म्हणा. पत्ता बदलायचा असेल तर निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र चालतं. मग बँक खातं, मग महात्मा फुले जनआरोग्य योजना (मोफत उपचारांची), ह्या क्रमाने.

इन्सुलिन लिहून दिलं तर निवाऱ्यात फ्रिज आहे का ते विचारून घ्या, नसेल तर माठात ठेवायची पद्धत सिस्टर दाखवतील.

लातूरकर_परळ

आणि बॅग वॉर्डात नेऊन खाटेखाली ठेवा भाऊ. मामाला सांगून.

झेरॉक्सवाला_दादर

आज संध्याकाळीच नेतो. पत्र मिळालं की इथे टाकतो, मजकूर बरोबर आहे का बघा.